पाण्याच्या रेषेखालची घरं

कागद माझ्या पायाशी येऊन पडला आणि मी तो उचलला. माझा गुन्हा एवढाच.

चावडीच्या ओट्यावर टेबल मांडलं होतं. टेबलावर नव्या गावाचा नकाशा. तीन कोपऱ्यांवर दगड होते आणि चौथ्यावर पटवाऱ्याचा पानाचा डबा. पान खायची हुक्की आली तेव्हा त्यानं डबा उचलला. वारा सुटलेलाच होता. कागद उडाला आणि ओट्यावरून खाली अंगणात आला. अंगणात आम्ही बसलो होतो. अख्खा महारवाडा. ओट्याची पायरी आम्हाला चढता येत नव्हती. वर काय ठरतंय ते वरच्यांच्या तोंडाकडे बघून ओळखायचं, सकाळपासून आमचं तेच काम चाललं होतं.

पडलेली वस्तू माणूस उचलतो. मी उचलली. दोन्ही हातांनी, चुरगळू नये म्हणून जपून.

"टाक! टाक खाली, भवाने!" पाटील वरून ओरडला.

मी लगेच टाकला नाही. बघत राहिले. अक्षर मला येत नव्हतं, पण नदी ओळखू आली. नदीचं वळण ओळखू आलं. नदीपासून वर एक निळी, नागमोडी रेष होती, ती तर चटकन ओळखू आली. कारण महिन्याभरापूर्वी तीच रेष जमिनीवर मी माझ्या हातानं चुन्यानं ओढली होती. रेषेच्या वर मोठे मोठे चौकोन होते, सरळ रस्ते होते, मधे मोकळं मैदान होतं. रेषेच्या खाली, नदीच्या अंगाला, बारके चौकोन. मी मोजले. बावीस. महारवाड्याचे उंबरे बावीस.

एवढं दिसलं तोवर पटवारी पायऱ्या उतरून आला होता. हातातून कागद घेतला तर त्याला बाट लागला असता, म्हणून त्यानं छडी माझ्या मनगटावर मारली. कागद पडला. मग पाटलाच्या गोठ्यातून तांब्याभर गोमूत्र आलं. ते शिंपडून कागद शुद्ध करायचा, असं ठरलं. हैदराबादेहून आलेला, रंगवलेला, सरकारी नकाशा. त्यावर पटवाऱ्यानं चांगलं तीनदा चुळकाभर गोमूत्र शिंपडलं. काळी शाई पक्की होती, ती हलली नाही. निळा रंग कच्चा होता. तो सुटला आणि खाली ओघळला. बावीस चौकोनांवरून ओघळत कागदाच्या काठापर्यंत गेला.

सगळे बघतच राहिले. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. नकाशा त्यांनी भिजवला, पण नासवला मी.

"नाक घास," पाटील म्हणाला. "ओट्याखाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत."

मी घासलं. काय करणार होते? बाप शेजारी हात जोडून उभा होता. माझी पाच वर्षांची सारजा तिथंच होती. मी गुडघ्यांवर रांगत नाक मातीला लावून निघाले, तेव्हा पोरीला वाटलं, आई काहीतरी खेळतेय. ती हसली. टाळ्या वाजवायला लागली. मग मी मान वर केली, माझ्या नाकातून रक्त येत होतं, ते तिनं पाहिलं आणि गप झाली. मारापेक्षा, मातीपेक्षा ते मला जास्त लागलं. अजून लागतं.

हे पोलीस ॲक्शनच्या दोन पावसाळे आधीचं. निजामाचं राज्य होतं. आमचं गाव कयाधूच्या काठावर, आखाडा बाळापूरच्या बाजाराला पायी जाऊन परत येता येईल इतक्या अंतरावर. त्याच्या आदल्या वर्षी नदीला पूर आला आणि अर्धं गाव वाहून गेलं. आधी महारवाडा गेला, कारण तो सगळ्यात खाली होता. त्यात माझी आई गेली. तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा ती एका बाभळीच्या फांद्यांत अडकलेली सापडली. बाभूळ माणसाच्या डोईपेक्षा उंच होती. नवरा माझा आधीच वारला होता, मी पोरीला घेऊन बापाकडे राहत होते. त्या पुरानंतर घरात मी, बाप आणि सारजा उरलो.

सरकारनं ठरवलं की गाव उठवून वरच्या माळावर वसवायचं. नीट आखून, नकाशा काढून. त्यासाठी हैदराबादेतल्या एका नकाशेवाल्या कचेरीला काम दिलं. तिथला साहेब रेल्वेनं हिंगोलीला उतरला आणि तिथून बैलांच्या दमणीत बसून आमच्याकडे आला. तरुण होता, चष्मा लावायचा, मऊ बोलायचा. विलायतेत शिकून आला होता म्हणे. घराला हवा पाहिजे, ऊन पाहिजे, सांडपाण्याला उतार पाहिजे, असं सारखं सांगायचा. मला त्याचं बोलणं फार आवडायचं. आमच्या घरात हवा आणि ऊन भरपूर होतं, भिंतीच नव्हत्या. पण कुणीतरी शिकलेला माणूस घराबद्दल इतका विचार करतो, याचंच अप्रूप वाटायचं.

त्यानं विचारलं, या शिवाराची खडान्‌खडा माहिती कोणाला आहे? पाटलानं माझ्या बापाचं नाव सांगितलं. सांगणारच. शिवेचा दगड कुठं, बांध कुठून कुठं, ओढा पूर्वी कुठून वाहायचा, हे महारालाच विचारायचं, ही रीत. दोन गावांचं शिवेवरून भांडण लागलं तर महार चालेल ती शीव. बाकी त्याची सावली नको, पण तेवढ्यापुरता त्याचा शब्द अखेरचा. बापाला याचा फार अभिमान होता. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण जमीन त्याच्या तळव्यांना पाठ होती.

साहेबानं विचारलं, "बाबा, पानी कहाँ तक आया था?"

बाबा म्हणाला तो. उभ्या जन्मात माझ्या बापाला वरच्या माणसानं असं म्हटलं नव्हतं. बापाचा चेहराच बदलला. त्यानं माझा हात धरला आणि चालायला लागला. दर दहा पावलांवर थांबायचा, पायानं माती चाचपायचा आणि म्हणायचा, "हितं." मी तिथं पाटीतली चुन्याची फक्की सोडायची. उतारावरून, बोरीच्या काटवनातून, मोडक्या बांधावरून आम्ही गेलो. बाभळीच्या वरच्या अंगाला आलो तेव्हा बाप बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "हितं जरा वर घे, माय. हितं पाणी वर चढलं व्हतं."

मी वर घेतली. तेवढीच काय ती आईची निशाणी त्या रेषेवर पडली.

साहेब खूष झाला. "बहुत अच्छा, बाबा. आपने गाँव बचा लिया," असं म्हणाला. त्या दिवशी बाप घरी येऊन दोनदा मला तेच सांगत बसला. साहेब म्हणाला, गाव वाचवलंस. मलाही खरं वाटलं. रेष कळली म्हणजे आता कुणाचं घर त्या रेषेखाली पडणार नाही, हे कुणीही म्हटलं असतं. मी तसंच धरून चालले होते. माझ्याएवढी बावळट मीच.

म्हणून चावडीसमोर तो कागद हातात आला, तेव्हा मला छडी कळलीच नाही. आधी बावीस चौकोन कळले. बापानं दाखवलं, मी चुना टाकला, आणि आम्हाला बुडवायची जागा आम्हीच त्यांना आखून दिली.

साहेब पाटलाच्या वाड्यावर जेवायला गेला होता. परत आला आणि भिजलेला नकाशा पाहून त्यानं डोक्याला हात लावला. माझ्या नाकातलं रक्तही त्यानं पाहिलं. एकदा नकाशाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "ये क्या किया?" असं पुटपुटला. कुणाला म्हणाला, कळलं नाही. बाकीची मापं त्याच्या वहीत लिहिलेली होती. पण पाण्याची रेष त्यानं जागेवर बघून थेट कागदावर उतरवली होती, आणि जमिनीवरचा चुना तर केव्हाच गुराढोरांच्या पायांनी गेला होता. रेष परत दाखवावी लागणार होती. म्हणजे परत माझा बाप.

घरी आल्यावर मी बापाला सगळं सांगितलं. कागदावर काय बघितलं ते भुईवर राखेनं काढून, त्याचं बोट त्यावरून फिरवून सांगितलं. 

"बा, उद्या तू रेष दाखवू नको."

"खोटं बोलू?"

"खोटं नको बोलू. न्हाई म्हन. डोळे गेले म्हन."

"माह्या डोळ्यांनी कधी दाखवली मी शीव?"

"मग गप ऱ्हाय. नुसता गप ऱ्हाय."

तो म्हणाला, "माय, पाणी कुठवर आलं ते मला ठावं हाय. इचारल्यावर सांगितलं न्हाई तर मी कशाचा महार?"

मला त्याचा राग आला. असा राग की भाकरी त्याच्यासमोर आपटून ठेवली. ज्या मानापायी हा माणूस फुगतो, तो मान त्यांनी त्याला बांधून ठेवायला दिलाय, हे त्याला दिसत नव्हतं. आणि मला हेही दिसत होतं की तेवढा एक मान काढून घेतला तर त्याच्याकडे काहीच उरत नाही. मी त्याच्या पानात आणखी अर्धी भाकरी टाकली.

दुसऱ्या दिवशी साहेब, पाटील, पटवारी सगळे माळावर जमले. माझ्या हातात चुन्याची पाटी दिली. मी ती खाली ठेवली.

"साहेब," मी म्हणाले. "रेषेच्या वर लई जागा हाय. आमाला वर द्या."

साहेबानं पाटलाकडे बघितलं. पाटील हसून म्हणाला, "साहेब, वर बाजाराचं मैदान धरलंय ना तुमीच. अन्‌ वारा वरून खाली वाहतो. ह्यांची घरं वर गेली तर ह्यांचा वारा गावावरून जाईल. हे कसं व्हायचं?"

साहेबाला आमची भाषा चांगली समजायची. वाऱ्याची गोष्ट तर त्याची आवडती. पण हा वारा त्याच्या पुस्तकातला नव्हता. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला म्हणाला, "देखो, तुम्हारे मकानों का जोता तीन फीट ऊँचा कर देंगे. पानी अंदर नहीं आएगा."

"साहेब, तिथं पाणी पुरुषभर व्हतं. माही माय बाभळीच्या शेंड्यात घावली."

त्यानं वही उघडली, मिटली. मग पाटलाला म्हणाला, "ये आपस का मामला है. आप लोग आपस में तय कर लीजिए."

आपस का. आमचं आणि पाटलाचं आपसातलं. त्यापरीस पटवाऱ्याची छडी बरी होती. तिनं निदान मी माणसांत मोडते की नाही याबद्दल मला फसवलं नव्हतं.

पाटी मी उचलली नाही. पाटलाच्या गड्यानं उचलली. बाप एकटाच पुढं निघाला, हात पुढं करून, चाचपडत. बोरीच्या काट्यात त्याचं धोतर अडकलं, तो धडपडला. मागं कुणीतरी हसलं. मी ठरवलं होतं की हलायचं नाही. पण ते मला बघवेना. मी धावत गेले आणि त्याचा हात धरला. परत त्याच वाटेनं, त्याच ठिकाणी थांबत, त्याला घेऊन गेले. बाभळीपाशी तो परत थांबला आणि परत खरं तेच बोलला. गड्यानं फक्की वाकडीतिकडी टाकली. फरक एवढाच की या खेपेला माझे हात पांढरे झाले नाहीत. याला काय नकार म्हणायचं? मला तेव्हाही लाज वाटली, आजही वाटते.

आठ दिवसांनी रजामंदीचा कागद आला. सरकारला दाखवायचं होतं की सगळ्या गावाला नवं गाव मंजूर आहे. ओट्यावरच्यांनी वर सह्या केल्या. मग पटवारी कागद आणि शाईची डबी घेऊन खाली आला. कागद त्यानं पायरीवर ठेवला आणि स्वतः दोन पायऱ्या वर उभा राहिला. एकेकानं पुढं यायचं, अंगठा लावायचा, मागं जायचं. कागदावर काय लिहिलंय हे कुणी विचारलं नाही. विचारायचं असतं, हेच कुणाला माहीत नव्हतं. पुरात घरदार गेलेली माणसं. खोपटात वर्ष काढलेली. त्यांना घर मिळतंय एवढंच कळत होतं. मी त्यांना सांगितलं होतं, दर उंबऱ्यावर जाऊन सांगितलं होतं. म्हातारे म्हणाले, "आधीबी खालीच व्हतो, माय. पूर काय दरसाली येतो व्हय?" एक बाई म्हणाली, "वर मागून हेबी हातचं जाईल." तिचंही खोटं नव्हतं.

बापानं अंगठा दिला. मग पटवाऱ्यानं माझं नाव पुकारलं. माझा उंबरा वेगळा धरला होता, रांडमुंड बाई म्हणून.

मी पुढं गेले. पायरीशी उभी राहिले.

"नकाशा खाली आना," मी म्हणाले. "माहं घर कुठं हाय ते दाखवा. मग अंगठा देते."

 

"नाकाची कातडी आली वाटतं परत," पटवारी म्हणाला. वर सगळे हसले. पाटील हसला. साहेब कागद आवरत होता, त्यानं मान वर केली नाही.

"हसा," मी म्हणाले. "पर अंगठा न्हाई."

मी मागं फिरले. दहा पावलं गेले असेन. मागं काहीतरी हालचाल झाली म्हणून वळून बघितलं, तर माझा बाप परत पायरीशी वाकला होता. डाव्या हाताचा अंगठा लावत होता. माझ्या नावापुढं.

मी पळत गेले. "तो माहा न्हाई! पटवारी, तो अंगठा माहा न्हाई!"

पटवारी कागदावर फुंकर मारून शाई वाळवत होता. "अंगठ्यावर नाव थोडंच असतं?" म्हणाला, आणि पायऱ्या चढून वर गेला.

बाप म्हणाला, "तुला गावातून काढलं असतं, पोरी. मग लेकराला घेऊन कुठं गेली असती?" त्याच्या अंगठ्याला शाई होती आणि तो ती धोतराला पुसत होता. निघत नव्हती. मी त्याला एक शब्दही बोलले नाही. दोन महिने बोलले नाही. त्यानं भीतीनं केलं, मायेनं केलं, हे मला कळत होतं. पण माझ्या वाट्याचं 'हो' माझ्याच बापानं म्हटलं, आणि ते सरकारदरबारी गेलं. तिथं आजही असेल. एका बाईनं आपल्या लेकरासकट नदीच्या पोटात राहायला आनंदानं कबुली दिली, असं कुठल्यातरी कचेरीत लिहिलेलं असेल.

साहेब दमणीत बसून गेला. परत आला नाही. नवं गाव मात्र त्याच्या नकाशासारखंच उभं राहिलं. सरळ रस्ते, उताराच्या गटारी, घराघराला खिडकी. बघायला लोक यायचे. वरच्या ओळीतल्या भिंती लिंपायला आम्हीच होतो. भुई बडवायला, सारवायला आम्हीच. माझ्या हाताच्या लिंपणाला तडा जात नाही म्हणून मला मुद्दाम बोलवायचे. घर तयार झालं की गोमूत्र शिंपडायचे आणि मग आत पाऊल ठेवायचे. आमच्या हातानं भिंत बाटत नव्हती तोवर, जोवर ती ओली होती.

रेषेखाली बावीस जोती उठली. तीन फूट म्हणाले होते, दीडच फूट झाली. एकवीस घरांत माणसं गेली. बापही गेला. बाविसावं माझं. मी गेले नाही.

मी रेषेच्या वर, मैदानाच्या कडेला, चार मेढी रोवल्या आणि खोपट घातलं. तिसऱ्या दिवशी पाटलाच्या गड्यांनी मोडलं. मी परत घातलं. परत मोडलं, या खेपेला मेढीही नेल्या. मजुरीला बोलावणं बंद झालं. बाजारात लमाणांच्या तांड्यावरच्या एका बाईनं चार वासे दिले, काहून पाहिजेत ते विचारलंही नाही. मी तिसऱ्यांदा घातलं. महारवाड्यातले लोक माझ्याकडे यायचं टाळायला लागले. त्यांना माझ्यामुळं तकलीफ होत होती, हे खरंच होतं. सारजा रोज विचारायची, आजोबाचं घर पक्कं आहे, आपण तिथं का नाही राहत? पोरीला काय सांगू, मृगाचा पाऊस तोंडावर आलाय आणि आपल्या डोक्यावर पळसाची पानं आहेत?

मी काही कुणाला हरवलं नाही. एकट्या बाईनं कुठं कुणाला हरवलंय? बापाला मी वर आणू शकले नाही. एकवीस उंबऱ्यांतलं एकही माणूस माझ्यामागून वर आलं नाही. ज्या दिवशी आभाळ भरून येईल त्या दिवशी मी वर कोरडी बसेन आणि खाली माझा बाप आंधळ्या डोळ्यांनी पाण्याचा आवाज ऐकत बसेल. 

चौथ्यांदा गडी आले तेव्हा पाटील स्वतः आला होता. मी चिखल मळत होते.

"सरकारी नकाशात हितं घर न्हाई," तो म्हणाला. "उठ."

मी उठले नाही. पोरीला मागं घेतलं आणि मळलेला गोळा कुडावर थापला.

"मोडा," मी म्हणाले. "रोज मोडा. मी रोज बांधीन. मला मारून खाली न्याल तर न्या, पर मी माह्या पायानं त्या रेषेखाली जायची न्हाई. अन्‌ माही लेकबी जायची न्हाई."

त्यांनी मोडलं. कूड पाडला, पानं पायदळी तुडवली, पाण्याचं मडकं फोडलं. मी बाजूला उभी राहून बघितलं. रडले नाही. ते माळ उतरून जायच्या आत मी दुसरा खड्डा खणायला घेतला.